हत्तीच्या मोलाचा अ‍ॅशट्रे : ग्राहकांना द्यायच्या भेटवस्तूचं एक प्रकरण

१९६७ साली एअर इंडियानं आपल्या निवडक प्रवाशांना भेट द्यायला एक अ‍ॅशट्रे करून घेतला. रचना चित्रकार साल्वादोर डालीची, पोर्सिलेन फ्रान्समधल्या लिमोजचं आणि नग पाचशेच्या आसपास. मोबदल्यात डालीनं पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीनं ते दिलं.

हा किस्सा बहुतेक वेळा एका विक्षिप्त कलावंताची गंमत म्हणून सांगितला जातो. कंपन्यांना भेटवस्तू निवडून देण्याचं काम करणाऱ्याला मात्र तो धंद्याच्या निर्णयाचा अस्सल नमुना वाटतो. गणपती उठले की आमच्याकडे फोन सुरू होतात : दिवाळीला क्लायंटना काय द्यायचं, बजेट इतकं आहे, लोगो मारून मिळेल ना, आणि पंधरा दिवसांत हवं. चर्चा वस्तूपासून सुरू होते आणि वस्तूपाशीच संपते. कुणाला द्यायचंय, किती जणांना, त्या माणसाच्या टेबलावर आधीच काय काय पडलंय, हे प्रश्न निघतच नाहीत. एअर इंडियाच्या या प्रकरणात ते सगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं काही बाबतींत फार चांगली निघाली आणि काही बाबतींत चुकली, म्हणून ते नीट उलगडून मांडावंसं वाटलं.

तिकिटाचा दर सगळ्यांचा सारखाच

हा निर्णय समजायचा तर त्या काळातला विमानधंदा आधी समजून घ्यावा लागतो. १९४५ मध्ये हवाना इथं स्थापन झालेल्या ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांमध्ये आंतरराष्ट्रीय मार्गांचे दर ठरत आणि सरकारं त्यांना मान्यता देत. मुंबई-लंडन प्रवासाला एअर इंडियानं जा, नाहीतर ब्रिटिशांच्या बीओएसीनं, त्याच वर्गाचं तिकीट त्याच भावाला पडायचं. दर पाडून गिऱ्हाईक ओढण्याची वाटच बंद होती.

हे नियम किती बारीक होते ते १९५८ च्या सँडविचच्या वादावरून कळतं. अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गात प्रवाशांना साधं सँडविचच द्यायचं असं ठरलं होतं. स्कँडिनेव्हियन कंपनी पावाच्या एका तुकड्यावर मासे, मांस, चीज असं भरगच्च रचून देऊ लागली, तर अमेरिकन कंपनीनं तक्रार केली आणि सँडविच कशाला म्हणायचं यावर रीतसर वाद झाला. दर बांधलेले असले की स्पर्धा अशी कोपऱ्याकोपऱ्यांतून डोकं वर काढते : गणवेशात, जेवणाच्या ताटात, तिकीटविक्रीच्या कार्यालयाच्या सजावटीत आणि प्रवाशाच्या हातात दिलेल्या वस्तूत.

एअर इंडिया त्या मैदानात लहान होती. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हापासून कंपनीची परदेशी सेवा सुरू झाली. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं. पण अमेरिकेची पॅन अ‍ॅम किंवा बीओएसी यांच्या ताफ्यापुढे आपली विमानं मोजकीच. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही जे. आर. डी. टाटा अध्यक्षपदी होते आणि कंपनीची सगळी मदार पाहुणचारावर होती. विमानात दिलेल्या चहाचा आणि कॉफीचा रंग एकसारखाच दिसतो, असं स्वतः प्रवास करून पाहून अधिकाऱ्यांना लिहून कळवणारा हा अध्यक्ष. भेटवस्तूचा विचार अशा घरात झाला, हे लक्षात ठेवायला हवं. सेवा धड नसताना वर चांदीची वाटी दिली तर प्रवासी वाटी ठेवून घेतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या विमानानं जातो.

महाराजा हाताशी असताना

एअर इंडियाकडे स्वतःचा चेहरा होता. १९४६ मध्ये कंपनीचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेचे चित्रकार उमेश राव यांनी मिळून महाराजा घडवला. मिशा, फेटा, कमरेत वाकून केलेलं स्वागत. सुरुवात झाली ती एका साध्या टिपणवहीच्या कागदावर छापायच्या चित्रापासून. पुढे हा महाराजा पोस्टरांवर गेला, देशोदेशींचे वेश घालून मिरवला, मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या फलकावर चढून चालू घडामोडींवर बोलू लागला. पत्त्यांचे जोड, पंखे, कॅलेंडरं, खांद्याला अडकवायच्या बॅगा अशा कितीतरी वस्तूंमधून कंपनीचं नाव घराघरांत पोहोचलं. एअर इंडियाचं कॅलेंडर मिळावं म्हणून ओळखी काढणारी माणसं होती.

मग प्रश्न असा की हाताशी इतकं ओळखीचं चित्र असताना, तेच एखाद्या भारी वस्तूवर छापून पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना का दिलं नाही? आज आपल्याकडे नव्वद टक्के वेळा हेच केलं असतं. लोगो आहे ना, मग मोठा करून मारा.

माझ्या मते इथं कंपनीनं एक महत्त्वाचा भेद ओळखला. बॅग, पत्ते, कॅलेंडर या प्रचाराच्या वस्तू. त्या हजारोंनी काढायच्या, कुणालाही द्यायच्या आणि त्यांच्यावरचं नाव लांबून दिसायला हवं. त्यांत वावगं काहीच नाही. मराठी घरांत तर असल्या वस्तूंची मोठी परंपरा आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि तेव्हापासून पतपेढ्या, सराफ, किराणा दुकानदार आपलं नाव छापलेली दिनदर्शिका वाटत आलेत. ती स्वयंपाकघराच्या दाराआड वर्षभर टांगलेली असते, तिच्यावर दुधाचा हिशेब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिली जाते, आणि सराफाचं नाव रोज डोळ्यांखालून जातं. इतक्या कमी पैशांत इतकं काम करणारी दुसरी ब्रँडिंगची वस्तू मला माहीत नाही. तिचं यश एका गोष्टीत आहे : घराला ती हवीच असते. नाव तिच्या आधारानं राहतं.

ठरावीक माणसाला द्यायची भेट ही वेगळी गोष्ट. जो माणूस वर्षात अनेकदा मुंबई-न्यूयॉर्क करतो, ज्याचं तिकीट त्याची कंपनी काढते, ज्याच्या सांगण्यावरून खालची पाच माणसं त्याच विमानानं जातात, त्याला महाराजाचा पत्त्यांचा जोड मिळालेला आहेच. त्याला आणखी एक छापील वस्तू दिली तर ती जाहिरातच ठरते आणि जाहिरात कुणी जपून ठेवत नाही.

चित्रकार कंपनीच्या दारात आधीपासूनच होते

डालीकडे जाणं हा एखाद्या अधिकाऱ्याचा अचानक आलेला लहरी विचार नव्हता. १९५६ पासून एअर इंडिया भारतीय चित्रं विकत घेत होती. परदेशातल्या तिकीट कार्यालयांच्या भिंतींवर ती लावली जात. सुरुवातीच्या खरेदीत नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. पुढे वासुदेव गायतोंडे, हुसेन, रझा, आरा अशी नावं त्या संग्रहात आली. त्यातल्या काही चित्रांचा मोबदला कलावंतांना विमानाच्या तिकिटांच्या रूपात मिळाला, ही गोष्ट चित्रकारांच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. तरुण चित्रकाराला पॅरिस पाहायचं होतं आणि कंपनीकडे सीट होती. हा संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सुपूर्द झाला आहे.

या व्यवहारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे जे आहे, आणि दुसऱ्याला ते सहज मिळत नाही, त्यातून मोल चुकतं करायचं, ही सवय कंपनीला लागली होती. तीच पुढे डालीच्या वेळी कामाला आली. न्यूयॉर्कच्या हॉटेलात मुक्कामाला असलेल्या डालीला कंपनीचे लोक भेटले. एखादी लहानशी वस्तू आमच्या प्रवाशांसाठी करून द्याल का, असं विचारलं. तो तयार झाला.

वस्तू जवळून

त्यानं दिलेली रचना अशी. मधोमध शिंपल्याच्या आकाराचं उथळ पात्र. त्याच्या कडेनं वेटोळं घातलेला साप. खाली आधाराला हत्तीची मस्तकं आणि हंस. वर चकाकी न दिलेलं, खडूसारखं मऊ पांढरं दिसणारं पोर्सिलेन. आता हा अ‍ॅशट्रे हातात घेऊन उलटा करा. हंसाची लांब वळलेली मान हत्तीची सोंड होते, पंख कान होतात. आणि हत्तीचं मस्तक उलटं झालं की तोच हंस. एकाच आकारात दोन प्राणी लपवण्याची ही युक्ती डालीनं तीस वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, हंसांचं पाण्यातलं प्रतिबिंब हत्तीसारखं दिसणाऱ्या एका चित्रात वापरली होती. इथं ती हाताच्या पंज्यावर उतरली.

ब्रँडिंगच्या दृष्टीनं तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

रचनेत महाराजा नाही, विमान नाही, कंपनीचं चिन्ह असलेला सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) तोही नाही. हत्ती आहे आणि साप आहे. पाश्चात्य प्रवाशाच्या मनात या दोन प्राण्यांनी भारत आपोआप उभा राहतो, त्यासाठी काही छापावं लागत नाही. माझ्या क्लायंटना मी हेच सांगतो की लोगोशिवायही ती वस्तू तुमचीच वाटली पाहिजे. पुण्याच्या एखाद्या गिअर बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली वस्तू पाहून ‘हे गिअरवाल्यांचंच’ असं वाटलं, तर लेझरनं कोरलेलं नाव नखाएवढं असलं तरी चालतं.

दुसरं, ती उलटी करून दाखवावीशी वाटते. घरी आलेल्या पाहुण्याला यजमान स्वतःहून म्हणणार, हे बघा, आता उलटं धरा. आणि लगेच प्रश्न येणार, कुठून आणलं? त्या उत्तरात एअर इंडियाचं नाव येतं, तेही एका समाधानी प्रवाशाच्या तोंडून. कंपनीच्या भेटीनं करायचं मुख्य काम हेच. वस्तूवरचं छापील नाव फक्त मालकच वाचतो, सांगितलेलं नाव मात्र पाहुणा घरी घेऊन जातो.

तिसरी गोष्ट लिमोजची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोर्सिलेनसाठी नावाजलेलं हे गाव. रचना एवढ्या मोठ्या कलावंताची आणि ओतीव काम कुठल्यातरी स्वस्त भट्टीतलं, असं झालं असतं तर हंसाची मान पहिल्याच पेटीत तुटली असती. आमच्या धंद्यात निम्मी भांडणं इथंच होतात. डिझाइनवर आठवडे घालवतात आणि माल घेताना सर्वांत कमी कोटेशनवाल्याकडे जातात. मग स्टीलच्या बाटलीवरचा पॅड प्रिंटचा लोगो तिसऱ्या धुण्याला निघतो, आणि निघालेल्या लोगोची बाटली क्लायंटच्या टेबलावर वर्षभर उभी राहते. नाव न टाकलेलं परवडलं, अशी गत.

हत्तीचा हिशेब

आता मोबदला. डालीनं हत्तीचं पिल्लू मागितल्यावर बेंगळुरूहून साधारण दोन वर्षांचं एक पिल्लू निवडलं गेलं. एअर इंडियाच्या विमानानं ते जिनिव्हाला गेलं आणि तिथून ट्रकनं स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादाकेसला, डालीच्या गावाला. सोबत माहूत होता. गावात मिरवणूक निघाली, जल्लोष झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले. हॅनिबल या प्राचीन सेनापतीसारखं हत्तीवरून आल्प्स ओलांडायचं डालीच्या मनात होतं असं सांगतात. तसं काही घडलं नाही. पुढे ते पिल्लू प्राणिसंग्रहालयात गेलं.

या व्यवहाराची वेळ पाहायला हवी. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. परकीय चलनाची टंचाई तीव्र होती. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ होता आणि देशाला अमेरिकेतून गहू आणावा लागत होता. अशा वर्षी सरकारी मालकीच्या कंपनीनं जगातल्या सर्वांत महागड्या कलावंतांपैकी एकाला डॉलरमध्ये मानधन द्यायचं म्हटलं असतं, तर संसदेत प्रश्न उठला असता आणि तो उठायलाच हवा होता. हत्ती मात्र रुपयांत मिळत होता. विमान आपलं, मार्ग आपला, जिनिव्हाचा थांबा आपला. जे सर्वांत दुर्मीळ होतं ते चलन मानधनापायी न मोडता कंपनीनं डालीचं नाव मिळवलं. डालीनं स्वतःहून हत्ती मागितला हे खरं, पण ती मागणी हसण्यावारी न नेता ताबडतोब पुरी करण्यात कंपनीची व्यवहारबुद्धी दिसते. शिवाय हत्तीच्या प्रवासाची जी बातमी झाली, तेवढी जागा जाहिरात देऊन घ्यायची म्हटली असती तर एअर इंडियाच्या आवाक्यात नव्हती.

या सौद्यात त्या मुक्या जिवाचा कुणी विचार केला नाही, हेही तितक्याच ठामपणे म्हणायला हवं. दोन वर्षांचं पिल्लू, हजारो मैलांचा प्रवास, अनोळखी हवा, आणि शेवटी पिंजरा. हत्तीचं पिल्लू त्या वयात आईजवळ असतं. आज हे कायद्यानंही शक्य नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९७६ पासून भारत ‘साइटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे, ज्यात आशियाई हत्ती सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत येतो. भेटवस्तूच्या मागे काय काय खर्ची पडलं याची चौकशी घेणाऱ्यानं करावी आणि देणाऱ्यानं तर नक्कीच करावी. हस्तिदंती नाही ना, चामडं कशाचं, कारागिराला मजुरी मिळाली का, हे प्रश्न त्यातलेच.

निवड कुठं चुकली

वस्तू म्हणून अ‍ॅशट्रे निवडणं, ही माझ्या मते या प्रकरणातली कच्ची बाजू. १९६७ मध्ये विमानात, कचेरीत, दिवाणखान्यात सगळीकडे सिगारेट ओढली जायची आणि अ‍ॅशट्रे प्रत्येक टेबलावर असायचा, त्यामुळे तेव्हा ती निवड स्वाभाविकच होती. पण अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, धूम्रपान आणि कर्करोग यांवरचा अहवाल जानेवारी १९६४ मध्येच आला होता. न्यूयॉर्कला नियमित ये-जा करणाऱ्या कंपनीच्या कानावर तो असणारच. पुढच्या चाळीसेक वर्षांत विमानातली सिगारेट गेली. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. अ‍ॅशट्रेचा उपयोग संपला.

आणि तरीही ती वस्तू संपली नाही. संग्राहक ती शोधतात, लिलावात ती निघते आणि प्रत्येक वेळी तिच्या माहितीत एअर इंडियाचं नाव लिहिलं जातं. ‘वापरात येईल असं काहीतरी द्या’ हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ या ठिकाणी अपुरा पडतो. उपयोगी वस्तू द्यावीच, पण निव्वळ उपयोगावर ती टिकत नाही. व्हॅक्यूमची स्टीलची बाटली उपयोगीच असते, पण पर्चेस मॅनेजरच्या घरी ती चौथी असते आणि दिवाळीनंतर घरकामाच्या मावशींना किंवा वॉचमनला दिली जाते. त्यांच्याकडे ती खरंच वापरली जाते हे चांगलंच, फक्त तुमचा लोगो ज्याला दिसायला हवा होता त्याला दिसत नाही.

आज हाच निर्णय घ्यायचा झाला तर

पाचशे नगांची, खास बनवून घेतलेली, नावाजलेल्या हाताची भेट आज महाराष्ट्रातल्या एखाद्या कंपनीला द्यायची असेल, तर एअर इंडियाला नव्हत्या अशा काही भिंती समोर येतात.

पहिली भिंत म्हणजे घेणाऱ्याच्या कंपनीचं धोरण. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या बहुराष्ट्रीय कंपन्या दिवाळीच्या तोंडावर पुरवठादारांना मेलच पाठवतात की भेटवस्तू पाठवू नका. अमेरिकेचा १९७७ चा आणि ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा त्यांच्या डोक्यावर असतो. आपल्याकडेही २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी माणसाला लाच देणाऱ्या व्यापारी संस्थेवर थेट जबाबदारी येते. ज्या कंपनीनं नको म्हटलंय तिथं ‘छोटंसं काहीतरी’ म्हणूनही पाठवू नये. तो माणूस अवघडतो, ती वस्तू त्याला स्टोअरमध्ये जमा करावी लागते आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्याला तुमच्याशी ताठ वागावं लागतं. औषध कंपन्यांना तर २०२४ च्या विपणन संहितेनं डॉक्टरांना वैयक्तिक भेटी देण्याची मुभाच ठेवलेली नाही.

दुसरी भिंत कराची. १ जुलै २०२२ पासून एखाद्या धंदेवाईक संबंधातल्या व्यक्तीला वर्षभरात दिलेल्या लाभांची किंमत २०,००० रुपयांवर गेली की देणाऱ्यानं दहा टक्के कर कापून भरायचा असतो. वस्तू दिली तर त्यातून कापणार काय? म्हणजे घेणाऱ्यानं कर आधी भरल्याची खात्री करा किंवा स्वतः भरा. डालीचा अ‍ॅशट्रे आज दिला असता तर हा प्रश्न पहिल्याच नगाला आला असता. शिवाय भेट म्हणून दिलेल्या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. कोटेशनमधला ‘अधिक जीएसटी’ हा तुमचा खर्चच धरा. अकाउंटवाल्यांना हे ठाऊक असतं, पण मार्केटिंगवाले बजेट बनवताना त्यांना विचारत नाहीत आणि मार्चमध्ये वाद होतो.

या भिंतींच्या आत राहूनही चांगलं काम होतं. मला त्यासाठी सावंतवाडीचं गंजिफाचं काम जवळचं वाटतं. गोल आकाराचे, हातानं रंगवून लाखेची चकाकी दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफाच्या पूर्ण जोडात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते. सावंतवाडीच्या राजघराण्यानं मरणाच्या दारातून परत आणलेली ही कला आजही राजवाड्यात चालते. पूर्ण जोड महाग पडतो, पण एकच मोठा पत्ता किंवा मत्स्य ते कल्की असा दहा पत्त्यांचा लहान संच करून घेता येतो. पोर्सिलेनच्या हंसाशी याचं एक नातं आहे : हातात घेऊन दाखवावासा वाटतो आणि पाहुणा विचारतो, हे काय?

नाव कुठं टाकायचं? पत्त्यावर तर मुळीच नाही. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एकाच रंगात, करंगळीच्या नखाएवढं. त्याखाली दोन ओळी मराठीत किंवा इंग्रजीत, ही कला कुठली, हे काम कुठं झालं. कारागिराची संमती असेल तर त्याचं नाव तुमच्या नावाच्या वर. रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी ठेवावी. कंपनीच्या लोगोचा निळा पत्त्याच्या किनारीला वापरा असा हट्ट मार्केटिंगकडून येतो. तो तिथंच थांबवावा, कारण प्रत्येक अवताराच्या पत्त्याच्या पार्श्वभूमीचा रंग हा परंपरेनं आलेला भाग असतो आणि तो बदलला की उरतं ते नुसतं चित्र.

अडचण वेळेची. हातानं रंगवायच्या वस्तूची ऑर्डर गणपतीनंतर देऊन दिवाळीला मिळत नाही, पावसाळ्यात लाख वाळायलाही वेळ लागतो. ऑर्डर उन्हाळ्यातच द्यायला हवी आणि निम्मे पैसे आगाऊ. इथं मोबदल्यात तिकीट, हत्ती असलं काही चालणार नाही. डाली जगप्रसिद्ध होता, त्याला हवं ते मागता येत होतं. कोकणातल्या कारागिराला रोख हवी आणि ती वेळेवर हवी. पाच हजार नगांचा भाव लावून पाचशे नगांचं काम मागणाऱ्या पर्चेसवाल्यांना अशा ठिकाणी पाठवूच नये.

आणि यादी. एअर इंडियानं नग पाचशेच्या आसपास ठेवले, हा मला सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आकडा लहान असला की यादीतल्या प्रत्येक नावावर वाद घालावा लागतो : हा माणूस अजून त्या खुर्चीवर आहे का, त्याची कंपनी भेट घेऊ देते का, गेल्या वर्षी त्याच्यामुळे नक्की काय काम झालं, आणि काम झालं नसेल तरी त्यानं आपली अडचण ऐकून घेतली होती का. ही चर्चा सेल्स, अकाउंट आणि मालक यांनी एकत्र बसून करायची असते आणि ती वस्तू ठरण्याआधी करायची असते. चर्चेनंतर पाचशेऐवजी एकशेसत्तर नावं उरली तर एकशेसत्तरच नग करावेत. उरलेल्या पैशांतून बाकीच्यांना चांगल्या कागदाची दिनदर्शिका जाऊ दे, त्यावर फोन नंबर मोठा छापावा. प्रत्येक खास नगाला क्रमांक द्यावा आणि कुठला क्रमांक कुणाकडे गेला याची वही ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच माणसाला दुसरा अवतार पाठवता येतो, आणि मधल्या काळात खुर्ची बदलली असेल तर नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करून द्यावी लागते.